काकांसाठी इअरफोन: ऐकण्याच्या आणि मोजण्याच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

काकांना इअरफोन हवा आहे. ब्लूटूथवाले दोन जोड वाया गेले. एक हरवला, दुसऱ्याची बॅटरी बसली, आणि डबी चार्जिंगला लावायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. तेव्हा या वेळी वायरवालाच. त्यांची अट एकच: "पखवाज पखवाजासारखा वाजला पाहिजे. बाकी तुझं तू बघ."

काका एकतीस वर्षं यंत्रमागावर होते, आणि त्याहूनही जास्त वर्षं दर गुरुवारी भजनी मंडळात पखवाजाला बसतात. अट ऐकायला छोटी आहे, पण तिच्यासाठी मला हे काम नीट करायचं आहे.

टेबलावर चार जोड आहेत. अ म्हणजे माझा रोजचा, १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग). ब परवा नवी पेठेतून आणला, त्यातही एकच ड्रायव्हर. क बहिणीचा, जुन्या फोनबरोबर आलेला, कानात न शिरता बाहेरच टेकणारा. ड मित्राकडून मागून आणला: एक डायनॅमिक, दोन बॅलन्स्ड आर्मेचर (हाही ड्रायव्हरचाच, पण छोटा प्रकार), चारांत सगळ्यात महाग. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव डोळ्यासमोर असलं की कान आधीच निकाल देऊन मोकळे होतात.

५ जानेवारी

दुपारी ऐकायला बसलो आणि लगेच पहिली अडचण. आमचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या मागे, गल्लीच्या तोंडाशी यंत्रमागाचा कारखाना. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या ध्वनिमापकावर शेडच्या आत ९६ डेसिबल, माझ्या खोलीत खिडकी लावून ६१. रबरी टिप कानात घट्ट बसली की वरचा खडखडाट बराच कमी होतो, पण मागाचा तो खालचा धपधप आवाज भिंतीतून येतच राहतो. त्यावर पखवाजाची डावी, खर्जाची बाजू कशी तोलणार?

संध्याकाळी साडेसातला लाइट गेली. माग थांबले. लॅपटॉप बॅटरीवर होता. पंचवीस मिनिटं गल्लीत अशी शांतता की पलीकडच्या घरातलं ताट ठेवल्याचा आवाज आला. चारही जोड भराभर ऐकून घेतले. गुण: ब ९, ड ८, अ ६, क ३. ब मध्ये सगळंच जास्त स्पष्ट, जास्त जिवंत.

८ जानेवारी

५ तारखेचे गुण खोडले. ब जिवंत वगैरे काही नव्हता, तो फक्त मोठ्यानं वाजत होता.

चूक खोक्यावरचे आकडे वाचण्यात झाली. अ च्या खोक्यावर १०८ डेसिबल, ब च्या खोक्यावर १०५. मी समजलो, अ च मोठा वाजणार, म्हणून आवाजाचा काटा दोन्हींना एकाच जागी ठेवला. पण अ चा आकडा एका व्होल्टला आहे आणि ब चा एका मिलिवॉटला. ब चा रोध १६ ओहम. १६ ओहममध्ये एक व्होल्ट दिला की ६२.५ मिलिवॉट होतात, म्हणजे एका मिलिवॉटपेक्षा १८ डेसिबल जास्त. त्या हिशेबाने ब एका व्होल्टला १२३ डेसिबल देतो. अ पेक्षा तब्बल १५ डेसिबल वर.

आणि माणसाच्या कानाची रीतच अशी की आवाज वाढला की खर्ज आणि वरचे बारीक स्वर मधल्या भागापेक्षा जास्त उठून येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये त्याचे आलेख मांडले. दोन जोडांत एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी "मोठा" असं वाटत नाही, "चांगला" असं वाटतं. माझ्या बाबतीत तर पंधरा होता.

११ जानेवारी

पुण्याच्या मित्राने कपलर कुरियरने पाठवला. धातूची छोटी नळी, आत मायक्रोफोन. आयईसी ६०३१८-४ या मानकाच्या घडणीवरून केलेली स्वस्त नक्कल. आत मोजकी पोकळी असते, त्यामुळे इअरफोनला समोर माणसाचा कान असल्यासारखाच भार पडतो. यूएसबी साउंडकार्डला जोडला आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर लावलं.

आजचं काम एवढंच: गुलाबी गोंगाट (खालपासून वरपर्यंत सगळे स्वर मिसळलेला सलग खळखळाट) लावून चारही जोड एका पातळीवर आणायचे. अ, ब आणि ड एकमेकांच्या ०.२ डेसिबलच्या आत आले. क कपलरमध्ये बसतच नाही, म्हणून त्याची पातळी कानानेच जुळवली. इअरफोन जोडायच्या छोट्या डोंगलवरच्या काट्याचे आकडे वहीत लिहिले. यापुढे या आकड्यांशिवाय एकही तुलना नाही.

१४ जानेवारी

ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा. काम बंद. काका बाराबंदी घालून पहाटेच मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या मागे गेले.

१८ जानेवारी

ऐकायला काय लावायचं, यावर आठवडाभर विचार केला. बाजारात मिळणारं ध्वनिमुद्रण कितीही उत्तम असलं, तरी ते मूळ खोलीत कसं वाजत होतं हे मला माहीत नाही. मग इअरफोन खरं बोलतो की गोड बोलतो, हे कशावरून ठरवू? म्हणून गुरुवारी मंडळात छोटा रेकॉर्डर घेऊन गेलो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, पखवाजापासून सहा फुटांवर, माझ्या डोक्याच्या उंचीला. मी तिथेच बसलो होतो. पखवाज, वीणा, टाळ, चिपळी आणि शेवटी एकदम उठलेले वीस आवाज माझ्या कानांत आहेत.

आज आणखी दोन गोष्टी मुद्रित केल्या. गाणं शिकणाऱ्या मैत्रिणीचा तानपुरा, काळी एकला लावलेला. आणि सुंदरी शिकणारा एक मुलगा घरी येऊन दहा मिनिटं वाजवून गेला. सुंदरी सनईच्याच कुळातली, पण आकाराने लहान आणि आवाजाने तार. पंडित सिद्राम जाधवांनी ती नावारूपाला आणली. सोलापुरात बसून इअरफोन तपासायचा आणि त्यात सुंदरी लावायची नाही, हे माझ्या मनाला पटलं नसतं. शिवाय कामाच्या दृष्टीनेही ती नेमकी आहे. दुहेरी पातीच्या वाद्यात वरचे स्वनक (मूळ सुराच्या पटीत वाजणारे सूर) भरपूर असतात, त्यामुळे इअरफोन वरच्या भागात जरा जरी फाजील असला तरी सुंदरी लगेच चिरकते.

एक शंका नोंदवून ठेवतो. गुरुवारच्या मुद्रणात दुसऱ्या अभंगापासून पखवाजाची डावी बाजू पातळ वाटते आहे. अ वरही आणि ड वरही. बहुधा टिप नीट बसलेली नाही. उद्या बघतो.

१९ जानेवारी

आजचा दिवस या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा.

कपलर आणि टिपच्या मध्ये टॉवेलाच्या सुताचा एक जाड धागा अडकवला. तेवढ्याच फटीने ६० हर्ट्झला ११ डेसिबल गेले. आलेखातली ५०० हर्ट्झच्या वरची रेघ जराही हलली नाही. कानात इअरफोन बसतो म्हणजे एक बंद पेटी तयार होते आणि खर्ज त्या पेटीच्या दाबावर उभा असतो. फट पडली की दाब गेला, दाब गेला की खर्ज गेला. क ला खर्ज का नाही याचं कारणही हेच. त्याची पेटी बंद होतच नाही.

नंतर तोच प्रकार माझ्या कानांवर केला. उजव्या कानाला मधली टिप पुरते, डाव्याला मोठी लागते. इतकी वर्षं दोन्हीकडे मधलीच लावत होतो, म्हणजे डावीकडचा खर्ज रोज गळत होता आणि मला पत्ता नव्हता.

पत्ता का नव्हता, हे तानपुऱ्याने सांगितलं. काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झ. डाव्या कानात मुद्दाम लहान टिप लावून फट ठेवली. मोजमापात ६९ हर्ट्झचा डोंगर जवळजवळ झोपला, पण मला खर्जाची तार त्याच सुरात ऐकू येत राहिली! कारण तिचे वरचे स्वनक, १३८, २०८, २७७, शाबूत होते, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू मूळ सूर स्वतःच बांधून घेतो. जवारीदार तानपुऱ्यात तर हे स्वनक ठासून भरलेले. सूर हरवत नाही, हरवतं ते त्याचं वजन. तुलनेला दुसरं काही नसेल तर वजन गेल्याचं कळतच नाही. मोठी टिप लावली आणि तार छातीपाशी आली.

मग पुन्हा भजन लावलं. पहिल्या अभंगात पखवाज आता भरदार. दुसऱ्या अभंगापासून मात्र डावी बाजू पातळ ती पातळच. टिपचा दोष असता तर पहिल्या अभंगातही दिसला असता. कारण सापडलं नाही.

२५ जानेवारी

अ, ब, ड यांत कोणता स्वर किती मोठा वाजतो याचे आलेख काढले. प्रत्येक जोड पाच वेळा काढून पुन्हा बसवला, कारण जरा आतबाहेर झालं की ८ किलोहर्ट्झजवळचा डोंगर सरकतो. टिप आणि पडद्याच्या मधली हवेची नळी २१ मिलिमीटर असली तर तिचा अर्ध्या लांबीचा अनुनाद ८.२ किलोहर्ट्झला पडतो. तो डोंगर इअरफोनचा नाही, नळीचा आहे. १० किलोहर्ट्झच्या वर या कपलरवर विसंबत नाही.

सगळ्या आलेखांना ३ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दोष वाटतो. मोकळ्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर, एका टोकाला पडदा, दुसरं टोक उघडं. ३४३ भागिले ०.१, म्हणजे ३४३० हर्ट्झ, हा तिचा पाव लांबीचा अनुनाद. कानाच्या पाळीचा वाटा धरला की वाढ ३ किलोहर्ट्झच्या जवळ येते. जन्मापासून आपण सगळं जग या वाढीसकटच ऐकत आलो आहोत. इअरफोन कानात घातला की नळीचं उघडं टोक बंद होतं आणि ही वाढ नाहीशी होते. ती इअरफोनने परत भरून द्यावी लागते. सपाट रेघेचा इअरफोन म्हणूनच बोदा वाटतो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून जी वक्ररेषा बांधली, तिच्यातही हा उंचवटा आहे.

अ त्या रेषेच्या बराच जवळ. ड खालच्या भागात भारी. ब ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये अ पेक्षा सुमारे ५ डेसिबल वर. पातळी सारखी करून ऐकलं तेव्हा ब वर सुंदरी टोचली आणि टाळ कपाळात वाजले. माझ्या मते ब बाद.

१ फेब्रुवारी

ड दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा वाजतो, ही मित्राची तक्रार खरी निघाली. त्याच्या जुन्या लॅपटॉपच्या जॅकचा निर्गम रोध (जॅकचा स्वतःचा रोध) मोजला, १० ओहम. माझ्या डोंगलचा एक. ड चा स्वतःचा रोध खर्जात ३२ ओहम आणि ५ किलोहर्ट्झजवळ ८ वर उतरतो. लॅपटॉपच्या १० ओहमशी वाटणी झाली की खर्जात २.४ डेसिबल जातात आणि ५ किलोहर्ट्झला ७. म्हणजे वरचा भाग जवळजवळ पावणेपाच डेसिबलने दबतो. डोंगलवर हाच फरक पाऊण डेसिबल. मित्र म्हणायचा, "लॅपटॉपवर लई मऊ वाजतंय बे." खरंच मऊ वाजत होतं. एकाच ड्रायव्हरच्या अ मध्ये रोध जवळपास सपाट असल्याने हा प्रश्न येत नाही. काका फोन बदलतील, टीव्हीला लावतील, कशालाही लावतील. ड त्यांच्यासाठी नको.

२ फेब्रुवारी

३२० केबीपीएस एमपीथ्री आणि मूळ फाइल, डोळे बांधल्यासारखी चाचणी, १६ फेऱ्या. ९ बरोबर. नाणं उडवूनही एवढे येतात. निदान १२ आले असते तर काही बोलता आलं असतं. काकांच्या फोनमध्ये एमपीथ्रीच भरणार, जागाही वाचेल.

मित्राची महागडी चांदीचा मुलामा दिलेली वायरही अ ला लावून मोजली. फरक ०.०५ डेसिबलच्या आत. तिच्यावर यापुढे वेळ घालवणार नाही.

८ फेब्रुवारी

वहीतले शब्द बदलले. आधी "डिटेल", "साउंडस्टेज" असं लिहीत होतो आणि दुसऱ्या दिवशी वाचताना मलाच अर्थ लागत नव्हता. काकांबरोबर ऐकायचं तर शब्दही मंडळातले हवेत. बोदा, भरदार, दबका, खणखणीत, चिरका, मोकळा. घुमारा किती आहे, थापेनंतर आस किती रेंगाळते, टाळ मिटताना त्याची शेपटी ऐकू येते का. या शब्दांत एक सोय आहे: ते वाद्याबद्दल आहेत, यंत्राबद्दल नाहीत. "चिरका" म्हटलं की मंडळातल्या प्रत्येकाच्या मनात एकच आवाज येतो.

९ फेब्रुवारी

काकांना बसवलं. दोन्ही कानांना टिप मोजून दिल्या, पातळी सारखी केली, कोणता जोड आहे ते सांगितलं नाही. ब ची परीक्षा घेतली ती फक्त नोंद पुरी व्हावी म्हणून.

अ: "आवाज चांगलाय, पण दाराआडून येतोय."
ड: "बोदा."
ब लावला आणि काका सरळ होऊन बसले. "ही चिपळी कोण वाजवतंय?"

चिपळी त्यांच्या शेजारीच वाजते, गेली कित्येक वर्षं. मी क्रम बदलून दोनदा पुन्हा ऐकवलं. दोन्ही वेळा ब.

मी ज्याला बाद केलं होतं तोच. माझे कान ठीक आहेत, मोजमाप ठीक आहे, आणि तरीही निकाल उलटा. रात्री बराच वेळ हेच डोक्यात होतं. मग माग सुरू झाले आणि लक्षात आलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काकांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिल्यांदा श्रवणालेख काढला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. १००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान वयाच्या मानाने चांगले, २० ते २५ डेसिबल (आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं). ४००० ला उजवा ५५, डावा ६०. ८००० ला पुन्हा थोडा वर, ४०. ४००० ला खड्डा आणि पुढे चढ, ही गोंगाटात काम केलेल्या कानाची ओळखीची खूण, असं डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपायचं.

शेडमधले ९६ डेसिबल, रोजची पाळी, एकतीस वर्षं. कानात बोळा कोणी घातला नाही, कोणी दिलाही नाही. काका आलेखाचा कागद घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "धोटा आमच्या कानातनंच जात होता म्हणायचा." धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारा, आडवं सूत नेणारा तुकडा.

ब चा उंचवटा नेमका त्यांच्या खड्ड्यावर पडतो. म्हणून चिपळी.

१६ फेब्रुवारी

आनंद झाला होता, पण आज भीती वाटली. काका एरवी ऐकतात त्या काट्यावर ब कपलरमध्ये लावला. पडद्यापाशी मोजलेला आकडा मोकळ्या हवेतल्या आकड्यात आणला तर साधारण ९१ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक मोठ्या माणसांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ९१ ला आठवड्याचे तीन तास जेमतेम. काका रोज दोन तास ऐकतात.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली होती: अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी लवकरही टोचतो. मधली जागा अरुंद असते. म्हणजे नुसता आवाज वाढवत नेणं हा उपाय नाही.

मोठा का लावतात ते विचारलं. "माग चालू असतो की बे." ते दुपारी ओट्यावर बसून ऐकतात, आणि जुनी सवय म्हणून टिप सैल, कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

१७ ते २२ फेब्रुवारी

रोज एक बदल. मोठी टिप दोन्ही कानांना, मग फोमची. फोमने बाहेरचा आवाज आणखी अडला, पण वरचे स्वर जरा दबले आणि चिपळी मागे गेली, म्हणून पुन्हा सिलिकॉन. दुपारची जागा ओट्यावरून आतल्या खोलीत. हाकेसाठी काकूने त्यांच्या खांद्याला हात लावायचा, हे दोघांनी ठरवलं. काटा त्यांचा त्यांनीच कमी केला, मी सांगितलं नाही. शनिवारी मोजला, ८४. त्या पातळीला आठवड्याचे सोळा तास मिळतात, काकांचे चौदा होतात. फोनवर त्या जागेच्या वर आवाज जाणार नाही अशी मर्यादा लावली.

ब ची जाळी दर महिन्याला पुसायची. मळ साचला की एका बाजूचा आवाज बसतो आणि माणूस काटा वाढवतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भजनाला जाण्याआधी काकांनी १६ जानेवारीचं मुद्रण पूर्ण ऐकलं, ब वर, शांत खोलीत. दुसरा अभंग सुरू झाला आणि त्यांनी हात वर केला. मी थांबवलं.

"इथनं डावी बाजू चढली. बघ, धुम कोरडा आलाय. त्या दिवशी कणीक कमी लावली होती, पंख्याखाली वाळली. मला तिथं हाताला लागत होतं, कानाला कळलं नाही."

महिनाभर मी टिप, फट, कपलर सगळं उलटसुलट केलं होतं. तो दोष मुद्रणातच होता, डाव्या पुडीचा सूर खाली राहावा म्हणून लावतात त्या वाळलेल्या कणकेचा. काकांच्या खालच्या स्वरांचे कान शाबूत आहेत. फक्त त्यांना घट्ट बसणारी टिप आणि बंद खिडकी कधी मिळाली नव्हती.

वाटीत कणीक भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ते मंडळात घेऊन गेले. आज पखवाजापासून चार फुटांवर रेकॉर्डर ठेवतो आहे.